अक्कासाठी मोटरची तीनचाकी करतोय, आधी ब्रेक आणि हँडल पक्कं करायचंय. जाणकारांनी सांगा

टॉवेलजॉबर, सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे मागाचं काहीही बिघडलं की हाक मलाच. वेल्डिंग, बेअरिंग, गिअर, बुश हे रोजचंच. मोटर आणि कंट्रोलरची (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीची) वायरिंग एक मित्र करून देणार आहे. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

गाडी माझ्या अक्कासाठी करायची आहे. तिला लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पायांत जोर नाही, हात मात्र दणकट. घरी टॉवेलची शिलाई करते, कडा मुडपून लेबल लावून देते. माल आणणं-पोचवणं आजवर हाताने फिरवायच्या तीनचाकीवर चाललंय. पुढे एक चाक, मागे दोन, छातीसमोर हाताचं पायडल आणि वळवायलाही तेच, अशी ती गाडी तुम्ही पाहिली असेल. अक्काची आता पन्नाशी उलटली आणि खांदे धरलेत. डॉक्टर म्हणाले, खांदे असेच झिजवलेत तर पुढे पलंगावरून खुर्चीत सरकणंही अवघड जाईल. ते ऐकल्यापासून डोक्यात हेच चाललंय.

मोटर बसवून द्यायला गावात लोक तयार आहेत. आमच्या पेठेतल्या एका गृहस्थांच्या तीनचाकीला अशी मोटर बसवून दिलेली मी वाकून वाकून बघितली. मोटर झकास. ब्रेक तोच जुना, पुढच्या रिमवर रबर घासणारा. मागच्या दोन चाकांना ब्रेकच नाही. हँडलचा कोन-सेट (हँडलचा दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग) इतका ढिला की पुढचं चाक हाताने हलवलं तर खटखट वाजतं. हाताने पायडल मारताना चालत्या माणसाएवढाच वेग, तोवर ते खपून गेलं. वीसच्या वेगाला नाही खपणार. माग चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. धागा तुटला की माग तिथल्या तिथे थांबला पाहिजे, म्हणून मागावर ब्रेक आधी बघतात, वेग मागून वाढवतात. अक्काच्या गाडीलाही मी तोच क्रम लावणार आहे.

अक्का ५८ किलो, मालाचं बोचकं २५-३० किलो, गाडी आणि बॅटरी ६० धरली, तर सगळं मिळून १५० च्या आत. घर अशोक चौकाच्या मागे, रोजचा रस्ता एमआयडीसीपर्यंत. कधीमधी जुळे सोलापूरला धाकट्या बहिणीकडे जायचं म्हणजे वाटेत आसरा पूल. बाकी गाव सपाट, पण गतिरोधक आणि खड्डे भरपूर. मोटर ४८ व्होल्ट, २५० वॅट घ्यायचं ठरवलंय.

विचारायचं ते असं. दोन चाकं पुढे ठेवावीत की मागे? ब्रेक कुठल्या चाकांना, आणि एका लिव्हरवर दोन चाकं सारखी कशी धरायची? अक्काला पायाचा ब्रेक चालणार नाही, सगळं हातातच हवं. आणि पुढचं चाक थरथरू नये, हँडल आपोआप सरळ यावं, यासाठी कोन किती ठेवायचा? पाइप कापायच्या आधी विचारतोय. कापल्यावर विचारून उपयोग नाही.

----

तीनचाकी_टीम, पंढरपूर

दादा, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एसएई इंडिया या वाहन-इंजिनीअरांच्या संस्थेची एफिसायकल नावाची स्पर्धा असते, तिच्यात पायडल आणि मोटर दोन्हीवर चालणारी तीनचाकी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवायची असते. आमच्या टीममध्ये स्टीअरिंग माझ्याकडे होतं.

माझं मत पुढे दोन, मागे एक. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, आणि पुढे दोन चाकं असली की ते रुंद बाजूवर पडतं. पुढे एकच चाक असेल तर तेच वजन निमुळत्या बाजूला जातं. वळता वळता ब्रेक दाबला तर गाडी बाहेरच्या पुढच्या कोपऱ्यावर कलंडते.

पण पुढे दोन ठेवलीत तर मेहनत वाढते. वळताना आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, कारण त्याचं वर्तुळ लहान. त्यासाठी दोन्ही चाकांचे स्टीअरिंग आर्म, म्हणजे चाक वळवणारे आखूड दांडे, सरळ मागे न ठेवता थोडे आत झुकवतात. वरून बघितलं तर किंगपिनपासून (चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिच्यापासून) आर्मच्या टोकातून काढलेल्या दोन्ही रेषा मागच्या एक्सलच्या मध्यावर मिळाल्या पाहिजेत. हे चुकलं तर वळणावर टायर घासतात आणि हँडल जड होतं. दुसरं, किंगपिन असा तिरका हवा की त्याची रेषा खाली वाढवली तर टायर जमिनीला टेकतो तिथेच, मध्यावर पडेल. ती रेषा आत पडली आणि एका चाकाचा ब्रेक थोडा जास्त लागला, तर हँडल त्या बाजूला हिसका मारतं. मध्यावर पडली तर हिसका जाणवत नाही. दोन्ही आर्म जोडणारा टाय रॉड लावल्यावर चाकं पुढून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा, म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी भटकत नाही.

आमची गाडी याच पद्धतीची होती. जोरात ब्रेक मारूनही रेषा सोडत नव्हती.

----

तीनचाकीवाली ताई, बार्शी

मी स्वतः बॅटरीची तीनचाकी वापरते, म्हणून बसणाऱ्या बाईच्या बाजूने लिहिते.

पंढरपूरच्या भावाचं गणित बरोबर असेल. पण दादा, अक्का गाडीत चढणार कशी, ते आधी बघा. पुढे दोन चाकं असलेल्या गाडीत सीट खाली, दोन चाकांच्या मागे असते. ज्याच्या पायांत जोर आहे तो चाकावरून पाय टाकून बसतो. आम्ही बसतो ते हातांवर. खुर्ची किंवा ओटा गाडीला लावायचा, एक हात सीटवर, दुसरा कशावर तरी घट्ट, आणि अंग उचलून बाजूला सरकवायचं. त्यासाठी सीटच्या एका बाजूला काहीही आडवं नको, आणि सीटची उंची घरच्या खुर्चीच्या बरोबरीची हवी. खाली असलेल्या सीटमध्ये उतरता येतं, वर येताना खांद्यांवर सगळा भार. ज्या खांद्यांसाठी गाडी करताय, त्यांनाच त्रास.

आता मला जे रोज लागतं ते सांगते. चढताना मी हँडलला धरते, सगळ्याच धरतात. तिथे मुठीत फिरवायचा ॲक्सिलरेटर असेल आणि चावी चालू राहिली असेल, तर अंग उचलताना मूठ फिरते आणि गाडी पुढे सुटते. अंगठ्याने दाबायचा ॲक्सिलरेटर लावा. शिवाय धरायला हँडल नको, सीटच्या बाजूला चेसिसलाच पक्का दांडा वेल्ड करून द्या.

चढता-उतरताना गाडी तसूभरही हलता कामा नये. म्हणून पार्किंगचा ब्रेक बसल्या जागेवरून लागला पाहिजे आणि तो लागलाय हे बघूनच कळलं पाहिजे.

रिव्हर्स घ्या. उतरून गाडी मागे ढकलणं आम्हाला शक्य नसतं. बोळात समोरून टेम्पो आला की आपण तिथेच अडकतो, मग कुणाला तरी हाक मारा.

कुबड्या असतील तर त्यांना जागा आत्ताच काढा. आणि अक्काला विचारा कुठल्या बाजूने चढायला सोपं जातं. प्रत्येकीची एक बाजू असते.

----

कुर्डुवाडीचा फिटर (निवृत्त)

जॉबरभाऊ, आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात गेलं, त्यातला मोठा काळ ब्रेकच्या कामावर. पाइप कापायच्या आधी विचारलंत, फार बरं वाटलं.

पंढरपूरच्या पोराने लिहिलंय त्यातलं एक अक्षर खोटं नाही. पण बार्शीच्या ताईंनी लिहिलंय ते वाचल्यावर मी म्हणेन, पुढे एक आणि मागे दोनच ठेवा. मग कलंडण्याचा धोका रुंदी, उंची आणि वेग या तिन्हींनी मारायचा. हिशेब करून दाखवतो.

समजा पुढच्या चाकापासून मागच्या एक्सलपर्यंत १२०० मिमी, मागच्या दोन चाकांमध्ये ८०० मिमी. अक्का, माल आणि बॅटरी धरून एकूण वजनाचा मध्य पुढच्या चाकापासून ८०० वर आला, म्हणजे लांबीच्या दोन-तृतीयांशावर. मागची निम्मी रुंदी ४००, पण वजनाच्या जागी आधार मिळतो तो तिच्या दोन-तृतीयांश, म्हणजे २६५ च्या आसपास. वजनाचा मध्य जमिनीपासून ६०० वर असेल तर २६५ भागिले ६००, साधारण ०.४४. याचा अर्थ ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर, ताशी १५ च्या आसपास आतलं चाक जमीन सोडतं. तोच मध्य ४५० वर आणा आणि रुंदी ९०० करा, मग हा वेग १८ च्या आसपास जातो. वळता वळता ब्रेक लागला तर दोन्ही आकडे आणखी खाली येतात, कारण पोराने म्हटलं तसं वजन निमुळत्या बाजूला सरकतं. म्हणून कंट्रोलरला २० च्या वर जाऊच देऊ नका, आणि अक्काला सवय लावा, कोपरा यायच्या आधी सरळ रस्त्यावर वेग १० च्या खाली आणायचा, मग वळायचं.

उंची कमी करायला सगळ्यात सोपी युक्ती लहान चाकांची. कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटरला १० इंची चाकात हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसवलेली मोटर, येते आणि त्यातच ड्रम ब्रेक असतो. मागचं एक चाक ते घ्या, दुसऱ्या बाजूला त्याच मापाच्या टायरचं आणि त्याच मापाच्या ड्रमचं साधं चाक. मोटर एकाच चाकात, त्यामुळे वळताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलची भानगड नाही. २५० वॅटला गाडी एका बाजूला ओढते ती नावापुरती. मोटर ज्या बाजूला, त्याच्या उलट्या बाजूला बॅटरी, सीटखाली. आणि मालाचा हौदा सीटच्या मागे उंचावर नको, दोन चाकांच्या मध्ये एक्सलच्या पातळीला. तीस किलोचं बोचकं उंचावर ठेवलंत तर वरचा सगळा हिशेब पाण्यात.

सायकलची चाकं मागे लावू नका. सायकल वळताना झुकते, म्हणून तिच्या चाकावर भार नेहमी उभा येतो. तीनचाकी झुकत नाही, वळताना भार आडवा येतो आणि तारा सैल होऊन रिम वाकते. शिवाय चाक एकाच बाजूने धरलं तर बारीक एक्सल वाकणारच. मागचं प्रत्येक चाक दोन्ही बाजूंनी पट्टीत धरा, मोटरसायकलच्या चिमट्यात असतं तसं. बाहेरची पट्टी चाकाला राखणही देते, बाजारात कुणाचं पातळ-धोतर अडकत नाही. हब मोटरच्या एक्सलला चपट्या बाजू असतात, त्यांच्या मापाची फट ८ मिमीच्या लोखंडी पट्टीत घट्ट काढा. तिथे जराही खेळ राहिला तर मोटर एक्सलसकट फिरते आणि वायर तुटते.

आता ब्रेक. तुमच्या गाडीत उभ्या अवस्थेत दोन-तृतीयांश वजन मागे आहे. बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला तरी निम्म्याहून थोडं जास्त मागेच राहतं. म्हणून मुख्य ब्रेक मागच्या दोन चाकांना, एका लिव्हरवर. दुसरी लिव्हर पुढच्या चाकाची, अगदी वेगळी. एक वायर तुटली तरी दुसरा ब्रेक हातात राहिला पाहिजे. पण ही पुढची लिव्हर वळणावर दाबायची नाही, हे अक्काला पहिल्या दिवशी सांगा.

एका लिव्हरवर दोन चाकं सारखी धरायची तर दोन वायरी एकाच बोल्टला बांधू नका. एक वायर जरा ताणली की सगळा जोर दुसऱ्या चाकावर जातो आणि गाडी तिकडे ओढते. लिव्हरची वायर एका आडव्या पट्टीच्या मध्यात घ्या, पट्टीच्या दोन टोकांना दोन चाकांच्या वायरी. पट्टी मध्यावर मोकळी डुलली पाहिजे. एक बाजू सैल असेल तर पट्टी तिरकी होईल, पण दोन्हीकडे जोर सारखाच जाईल. पट्टी फार तिरकी दिसली की समजायचं, एका बाजूची वायर ताणायची वेळ आली. पट्टीला दोन्हीकडे अडसर ठेवा, म्हणजे एक वायर तुटली तरी दुसरं चाक धरतं. पार्किंगसाठी याच लिव्हरला खटका बसवा.

चाक उलट्या बाजूला लावलं तर ड्रम ब्रेक लागेल का, ही शंका तुम्हाला येईल. लागेल. एका कॅमच्या ड्रममध्ये एक शू (ड्रमला आतून घासणारी ब्रेकची पट्टी) फिरण्याच्या दिशेने ओढला जातो आणि दुसरा ढकलला जातो. चाक उलटं फिरलं तर दोघांच्या जागा बदलतात, पकड तीच. रिव्हर्सलाही म्हणूनच चालतं. फक्त ब्रेक प्लेटला अडवणारी पट्टी चेसिसला जाड आणि पक्की हवी. सगळा धक्का तिच्यावर येतो.

दोन्ही लिव्हरी कटऑफ स्विचवाल्या घ्या. लिव्हर जरा हलली की मोटर बंद, मग अंगठा ॲक्सिलरेटरवर राहिला तरी हरकत नाही.

हँडल. मोपेडचा किंवा स्कूटरचा पुढचा फोर्क, त्याच्याच कोन-सेटसकट आणि ड्रमसकट घ्या. सायकलचा नको. तो मूळ गाडीवर ज्या कोनात होता, त्याच कोनात तुमच्या चेसिसवर बसवा. तपासायची रीत सांगतो. फोर्कच्या दांड्याच्या रेषेत एक सरळ सळई धरा आणि जमिनीपर्यंत वाढवा. ती टायर जमिनीला टेकतो त्याच्या पुढे पडली पाहिजे, ५० ते ७० मिमी. तेवढं अंतर असलं की चाक हँडलच्या मागे ओढलं जातं आणि आपोआप सरळ येतं. अंतर शून्यावर आलं की थरथर सुरू, आणि सळई मागे पडली तर चाक हातातून उलटं फिरायला बघतं. हे माप गाडी रिकामी असताना घेऊ नका. नुसता टॅक, म्हणजे वेल्डिंगचा तात्पुरता टिपका, मारा, सीटवर माणूस आणि हौद्यात माल ठेवा, मग मोजा. मागची बाजू दबली की कोन बदलतो.

----

नियमांचं बघणारी, पुणे

रस्त्यावर आणायच्या आधी कायद्याचंही बघून घ्या, जॉबरदादा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २ (यू) प्रमाणे मोटरची ३० मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास देता येते ती) ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी अशा अटींवर बॅटरीवरची काही वाहनं मोटार वाहन धरली जात नाहीत; तीनचाकी त्यात बसते का, ते मात्र आधी विचारून घ्या. पण ही सूट नुसत्या मोटरवरच्या आकड्याने मिळत नाही. नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने ते तपासून मान्य केलेलं असावं लागतं. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक वाहन-चाचणी संस्था. ही सूट लागू झाली नाही तर नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये खास अपंग व्यक्तीसाठी घडवलेल्या आणि फक्त तिनेच किंवा तिच्यासाठीच वापरायच्या वाहनाची वेगळी व्याख्या आहे, तीही वाचून ठेवा. गाडीचं चित्र, मापं आणि मोटरचा कागद घेऊन आरटीओत आधीच विचारा.

आणि एक मनापासून सांगते. कानपूरची अलिम्को ही केंद्र सरकारची कंपनी बॅटरीची तीनचाकी बनवते आणि दिव्यांगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेतून पात्र व्यक्तींना ती मिळते. अक्कांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढा. महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या राखीव निधीचीही चौकशी करा. तुम्ही गाडी बनवत असतानाच हा अर्ज चालू राहू द्या.

----

टॉवेलजॉबर, सोलापूर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ताई, तुमचं लिहिणं अक्काला मोठ्याने वाचून दाखवलं. मुठीच्या ॲक्सिलरेटरचं ऐकल्यावर ती म्हणाली, "ह्या बाईला सगळं माहितीय." ती डाव्या बाजूने चढते. म्हणजे डावी बाजू पूर्ण मोकळी, दांडा उजवीकडे आणि पार्किंगचा खटका उजव्या हाताशी. मालासाठी आता तिने स्वतःच सांगितलं, हौद्याला मागून फळी नको, बाजूने उघडू दे, म्हणजे बसल्या जागेवरून बोचकं ओढता येईल.

यूडीआयडी कार्ड आहे. एडिपचा अर्ज लगेच करतो. ती गाडी मिळाली तर मी बनवलेली घरात बसून राहील, त्याचं मला काही वाटणार नाही. पण तोवर खांदे थांबत नाहीत.

फिटरकाका, दोन गोष्टी राहिल्या. पहिली, सीट मागे आणि फोर्क पुढे, त्यामुळे अक्काचे हात हँडलपर्यंत पोचत नाहीत. हँडलच लांब मागे वाकवून आणलं तर वळताना त्याचं टोक एवढं बाजूला फिरतं की एक हात सुटतो आणि तिच्या गुडघ्यालाही लागतं. म्हणून विचार असा, हँडलचा वेगळा दांडा तिच्यासमोर उभा करायचा, कारखान्यातल्यासारख्या बेअरिंगच्या दोन ब्लॉकमध्ये, आणि तिथून एका रॉडने फोर्कला जोडायचं. चालेल का?

दुसरी, आसरा पुलाचा चढ २५० वॅटवर निघेल का? जास्त ताकदीची मोटर घ्या म्हणणारे इथे खूप आहेत.

----

कुर्डुवाडीचा फिटर (निवृत्त)

दांडा आणि रॉडची कल्पना चांगली आहे, पण तिथेच गाडीचा जीव आहे, म्हणून नीट करा. हँडलच्या दांड्यावरचा आर्म आणि फोर्कवरचा आर्म एकाच लांबीचे आणि एकमेकांना समांतर ठेवा, म्हणजे हँडल जेवढं फिरेल तेवढंच चाक फिरेल. जोडणीला साध्या भोकात बोल्ट घालू नका. भोक महिन्याभरात लंबगोल होतं आणि हँडल मोकळं फिरायला लागतं. गोळीचे रॉड एंड (आत फिरती गोळी असलेले रॉडचे सांधे) घ्या, १० मिमीचे, दोन्ही टोकांना. बोल्टला नायलॉक नट, थरथरीने सैल न होणारा. गोळीच्या बाहेर, रॉड एंडच्या भोकापेक्षा मोठ्या व्यासाचा वॉशर टाका. उद्या गोळी झिजून निखळली तरी वॉशरमुळे रॉड बोल्टवरून सुटणार नाही. आणि फोर्कला दोन्ही बाजूंना ३५-४० अंशांवर अडसर वेल्ड करा, हँडलच्या दांड्याला नव्हे, फोर्कलाच. चाक त्यापुढे गेलं तर रॉड आणि आर्म एका रेषेत येऊन अडकतात आणि मग हँडल परत फिरत नाही.

चढाचं गणित असं. १५० किलो आणि वीसात एक चढ, म्हणजे साडेसात किलोची ओढ. टायरच्या घर्षणाची दोन किलो धरा. साडेनऊ किलो ओढत ताशी ८ ने चढायला चाकाशी २०० वॅटच्या थोडं वर लागतात. म्हणजे निघेल, पण सावकाश, आणि हब मोटर अशा हळू चालीत तापते. पूल लहान आहे, निभावेल. उतरून आल्यावर मोटरला हात लावून बघा. जास्त ताकदीची मोटर घेतलीत तर चढ लवकर निघेल, पण बाकी सगळा दिवस त्या ताकदीला धरणारे ब्रेक लागतील, आणि पुण्याच्या बाईंनी सांगितलेली नियमांची हद्दही ओलांडाल. मी घेणार नाही.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची बघा, उन्हाला जास्त सोसते. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, गार होऊ द्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

चाचणी अक्काला बसवून करायची नाही. सीटवर वाळूची पोती बांधा, हौद्यात माल ठेवा. आधी मागची दोन्ही चाकं उचलून लिव्हर हळूहळू दाबत दोन माणसांनी दोन चाकं हाताने फिरवून बघायची, दोन्ही एकाच वेळी जड झाली पाहिजेत. मग भरलेली गाडी उतारावर पार्किंगच्या खटक्यावर सोडून द्या, नाक वर करून आणि नाक खाली करून, दोन्हीकडे. चहा पिऊन या. हललेली नसावी.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर तुम्ही स्वतः चालवा. रस्त्यावर खडूने आडवी रेघ मारा, रेघेवर आलात की ब्रेक. आधी १० ने, मग १५ ने, मग २० ने. २० च्या वेगातून पाच-सहा मीटरमध्ये, सरळ रेषेत थांबली पाहिजे. एका बाजूला ओढली तर डुलती पट्टी अडकतेय का बघा, बहुतेक वेळा तिथे रंग किंवा गंज बसलेला असतो. वायरचा बाहेरचा पाइप कुठेही काटकोनात वळवलेला नको. नव्या वायरी पहिल्या आठवड्यात ताणतात, तेव्हा पुन्हा घट्ट करा.

----

टॉवेलजॉबर, सोलापूर

काका, समजलं. अडसर फोर्कला, वॉशर मोठा, पट्टी डुलती. प्लायवूडची खोटी सीट आणि हँडल उभं करून आधी अक्काला बसवतो, हात कुठे पोचतात ते खुणावून घेतो, मग पाइप कापतो.

एकच शेवटचं. मागचं मोटर नसलेलं चाक त्याच ड्रमच्या मापाचं जुन्या बाजारात मिळालं, पण आतले शू घासलेले आहेत. तेवढेच बदलले तर चालतील का?

----

कुर्डुवाडीचा फिटर (निवृत्त)

दोन्ही चाकांचे शू एकाच कंपनीचे, एकाच वेळी नवे घाला, मोटरच्या चाकाचे नवे असले तरी. आणि ड्रमच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. काठाशी पायरी लागली तर लेथवर हलकेच साफ करून घ्या. पायरी राहिली तर नवे शू काठावर टेकतील आणि ते चाक दुसऱ्यापेक्षा कमी धरेल.